रिकाम्या जहाजाला पहिला वर्ग

एस.टी.च्या आगारात ‘भारमान’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. गाडी किती किलोमीटर धावली, डिझेल किती लागलं, हे बघतातच. पण फेरीत आसनं किती भरली होती ते कळल्याशिवाय या दोन आकड्यांना अर्थ येत नाही. रात्रीची रिकामी गाडी लिटरमागे जास्त किलोमीटर देते. म्हणून तिच्या चालकाला कोणी हार घालत नाही. उलट ती फेरी बंद करायची का, यावर बैठक बसते.

मालवाहू जहाजांसाठी जगाने २०२३ सालापासून जी गुणपत्रिका लागू केली आहे, तिच्यात भारमानाचा रकानाच नाही.

ही गुणपत्रिका आयएमओची, म्हणजे लंडनमध्ये मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची. तिच्या नियमानुसार परदेशी फेऱ्या करणाऱ्या ५,००० ग्रॉस टनांवरच्या जहाजांना दरवर्षी ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी मिळते. मापाचं नाव कार्बन इंटेन्सिटी इंडिकेटर. जहाजांवरची मंडळी सीआयआय म्हणतात. वर्षभरात जाळलेल्या इंधनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वर मांडायचा, खाली जहाजाची वहनक्षमता गुणिले कापलेलं अंतर, आणि भागाकार करायचा. उत्तर जितकं लहान तितकी श्रेणी चांगली. एकदा ‘ई’ किंवा सलग तीन वर्षं ‘डी’ मिळाली, तर कंपनीने सुधारणेचा आराखडा तयार करून मंजूर करून घ्यायचा. शिवाय उत्तीर्ण होण्याची रेघ दरवर्षी वर सरकते. २०१९च्या तुलनेत २०२३ला ५ टक्के सुधारणा अपेक्षित होती, नंतर ७, मग ९, आणि २०२६ला ११. एप्रिल २०२५च्या बैठकीत पुढचे आकडेही ठरले. २०३०ला ही रेघ २१.५ टक्क्यांवर असेल.

आता खालचा भाग नीट बघा. तिथे ‘वहनक्षमता’ आहे, ‘वाहिलेला माल’ नाही.

कोळसा उतरवून परत निघालेलं जहाज पोटात नुसतं समुद्राचं पाणी भरून चालतं. ते हलकं असतं, पाण्यात कमी बुडतं, तेल कमी खातं. क्षमता कागदावर तेवढीच, अंतरही तेवढंच. म्हणजे श्रेणी सुधारली. याउलट एखाद्या हुशार मालकाने परतीच्या वाटेसाठी माल शोधला, एक रिकामी फेरी वाचवली, तेवढ्या मालासाठी दुसऱ्या कोणाला वेगळं जहाज पाठवावं लागलं नाही. जगाचा धूर खरोखर कमी झाला. पण भरलेलं जहाज जास्त तेल खातं, म्हणून याची श्रेणी घसरली. जे करायला हवं ते करणाऱ्याला शिक्षा आणि जे टाळायला हवं त्याला शाबासकी, असा हा हिशेब आहे.

नांगरावरच्या जहाजाची गंमत याहून वेगळी. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमधून डोळ्यांसमोर दिसतात ती जहाजं उभी असतात, पण बंद नसतात. मुख्य इंजिन थांबलं तरी दिवे, पंप, शीतपेट्या, खलाशांचा स्वयंपाक यासाठी जनरेटर चालूच राहतात. अंतर शून्य, धूर चालू. बंदराला जागा नसल्याने दहा दिवस ताटकळलेल्या जहाजाच्या गुणपत्रिकेवर त्या दहा दिवसांचा डाग पडतो. दोष बंदराचा असो, कस्टमच्या कागदांचा असो, नाहीतर मालाची विक्री लांबवणाऱ्या व्यापाऱ्याचा असो.

आणि तिसरा प्रकार. नोव्हेंबर २०२३पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालणं जहाजांच्या नशिबी आलं. मुंबईहून उत्तर युरोपला जायला चार हजार सागरी मैलांहून जास्त वाट वाढली. तेल त्या प्रमाणात जास्त जळलं, तेवढा कार्बन हवेत गेला. पण सीआयआयच्या भागाकारात वर कार्बन वाढला तसं खाली अंतरही वाढलं. वेग तोच ठेवला असेल तर श्रेणीला काहीच धक्का नाही. उशीर भरून काढायला कप्तानाने वेग वाढवला असेल तरच ती बिघडते.

नियम मुळात नकोतच, असं म्हणण्यासाठी हे सगळं लिहीत नाही. तसं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच तेल विकणारे आहेत. जगातला आकारमानाने ऐंशी टक्क्यांहून जास्त व्यापार समुद्रावरून होतो आणि मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी जवळपास तीन टक्के जहाजांच्या धुराड्यांतून निघतात. आयएमओच्याच अभ्यासात २०१८चा आकडा २.८९ टक्के होता. १९९७च्या क्योटो कराराने हा धूर कोणत्याही एका देशाच्या खात्यावर न टाकता आयएमओकडे सोपवला. तेव्हापासून तो कोणाचाच नाही. त्याला शिस्त हवीच. माझं भांडण शिस्त कुठे लावायची यावर आहे. आपण जहाजाला गुण देतो आहोत, आणि जहाज कसं चालणार हे ठरवणारा माणूस वर्गातच नाही.

हा माणूस म्हणजे चार्टरर, म्हणजे जहाज भाड्याने घेणारा.

मुंबईत घरमालक फ्रिज, गीझर, एसी बसवून फ्लॅट भाड्याने देतो, वीजबिल भाडेकरू भरतो. मालक स्वस्तातला, वीज खाणारा एसी बसवतो, कारण बिल त्याचं नाही. भाडेकरू दिवसभर एसी चालवतो, कारण यंत्र त्याचं नाही. जहाजांच्या मुदतीच्या करारात, म्हणजे टाइम चार्टरमध्ये, हेच होतं. खलाशी, देखभाल, विमा मालकाकडे. इंधनाचा खर्च आणि ‘इतक्या नॉटने अमुक बंदराला चला’ हा हुकूम चार्टररकडे. (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल.) वर्षअखेरीला ‘डी’ येते ती मात्र मालकाच्या जहाजाला. २०२३ उजाडायच्या आधीच जहाजमालकांच्या बिम्को या संघटनेने करारात घालायचं सीआयआयचं एक कलम तयार केलं. चार्टररने श्रेणीची जबाबदारी वाटून घ्यावी, असा त्याचा रोख होता. चार्टररांनी त्याचं जे स्वागत केलं, त्याला थंडा प्रतिसाद म्हणणंही उदारपणाचं होईल.

एकेका फेरीच्या कराराची तऱ्हा आणखी जुनी. ‘शक्य तितक्या त्वरेने’ निघावं-पोचावं, हे कलम शिडाच्या जहाजांच्या काळापासून करारांत बसलेलं आहे. जो आधी पोचून ‘तयार आहोत’ अशी सूचना देईल त्याचा नंबर आधी, आणि ठरल्यापेक्षा जास्त थांबावं लागलं तर डेमरेज, म्हणजे खोळंब्याची भरपाई. मग धक्का आठवडाभर रिकामा होणार नाही हे माहीत असूनही जहाज पूर्ण वेगाने धावत येतं आणि बाहेर नांगर टाकून बसतं. रेशनच्या रांगेत पहाटे पिशवी ठेवून येण्यातला प्रकार, फक्त पिशवीच्या जागी ऐंशी हजार टनांचं जहाज.

ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल हे जगातलं एक मोठं कोळशाचं बंदर. जून २००७मध्ये तिथे बाहेर पन्नासहून जास्त जहाजं रांगेत होती. वादळ आलं, आणि ‘पाशा बल्कर’ नावाचं जहाज थेट शहराच्या चौपाटीवर येऊन रुतलं. लोक छत्र्या घेऊन बघायला गेले. नंतर तिथे पोचण्याच्या क्रमाऐवजी आगाऊ नंबर देण्याची पद्धत आली. जहाजाला दुरूनच कळतं की आपली पाळी कधी आहे, आणि ते त्या बेताने सावकाश येतं. इंजिन बदलावं लागत नाही, इंधन बदलावं लागत नाही. रांगेचा नियम बदलावा लागतो.

सावकाश येण्याने किती फरक पडतो हे इंजिनरूममध्ये काम केलेला कोणीही सांगेल. पाण्यात जहाज ढकलायला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १४ नॉटवरून १२.६वर आणला, म्हणजे दहा टक्के कमी केला, तर इंजिनाला लागणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी उतरते. प्रवास लांबतो हे धरूनही त्या फेरीचं इंधन जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी वाचतं. आज उपलब्ध असलेला कोणताही रंग, पंखा किंवा तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारं यंत्र इतकं काही एकट्याने देत नाही. २००८ ते २०१८ या काळात जहाजांची टनामागची कार्बन तीव्रता मोजण्याच्या पद्धतीनुसार वीस ते तीस टक्क्यांनी सुधारली, त्यातला मोठा वाटा २०१२च्या आतला आहे. तोवर नियम जेमतेम लागू होत होते. सुधारणा केली ती मंदीने आणि महाग तेलाने: माल नव्हता, जहाजं फाजील झाली होती, तेव्हा मालकांनी आपणहून वेग उतरवला. आयएमओने उद्दिष्टांसाठी २००८ हेच आधारवर्ष धरलं, म्हणजे मंदीने वाढलेलं ताट सगळ्यांना फुकट मिळालं.

जुन्या जहाजांसाठी २०२३लाच आलेल्या ईईएक्सआय या दुसऱ्या नियमाची गत याहून केविलवाणी. हा नियम जहाजाची रचना बघतो, चालवणं नाही. असंख्य मालकांनी तो कसा पाळला? इंजिनाची कमाल शक्ती एका मर्यादेला बांधून तिथे सील ठोकलं. वादळात जीव वाचवायला सील तोडता येतं, ते ठीकच आहे. पण ज्या वेगाला ते सील लावलं त्याच्या वर ही जहाजं गेली पंधरा वर्षं क्वचितच धावत होती. जो कधी पळत नाही त्याला ‘पळू नकोस’ असं प्रमाणपत्र दिल्याने हवेत फरक पडत नाही.

नियम कसा असावा याचं उदाहरण याच संस्थेच्या याच दप्तरात आहे. जहाजी इंधन म्हणजे रिफायनरीत सगळं चांगलं काढून घेतल्यावर तळाशी राहिलेला डांबरासारखा गाळ. गरम केल्याशिवाय तो पंपातून सरकतही नाही. त्यात २०१२पासून साडेतीन टक्के गंधक चालत होतं. १ जानेवारी २०२०ला ती मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली. आणि पळवाट नको म्हणून १ मार्च २०२०पासून, गंधक धुणारं यंत्र बसवलेलं नसेल तर जास्त गंधकाचं इंधन टाकीत बाळगायलाच बंदी झाली. भागाकार नाही, श्रेणी नाही, आधारवर्ष नाही. टाकीतून बाटलीभर नमुना घ्या, प्रयोगशाळेत पाठवा, अर्ध्या टक्क्याच्या वर निघाला तर जहाज अडवा. नियम पाळला गेला, एका रात्रीत म्हणावं इतक्या लवकर.

त्यालाही कडा आहेत. गंधक धुणारे स्क्रबर बसवून काहींनी जुनंच स्वस्त इंधन चालू ठेवलं. त्यातल्या खुल्या प्रकारच्या यंत्रांचं आम्लधर्मी पाणी समुद्रात जातं, हवेतली घाण पाण्यात. सिंगापूरने आपल्या बंदरात ते सोडायला २०२०पासूनच बंदी घातली. आणि गंधकाचा धूर ढगांना उजळ करून थोडं ऊन परत पाठवत होता, तो पडदा विरळ झाल्याने समुद्र किती तापला यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. पण बंदराशेजारच्या वस्तीत राहणाऱ्याच्या छातीत जाणारा गंधकाचा धूर कमी झाला, यावर वाद नाही.

टनामागच्या गणिताची आणखी एक सावली आपल्या किनाऱ्यावर पडते, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. जहाज जितकं मोठं तितकं टनामागे तेल कमी. नव्या जहाजांच्या रचनेचा ईईडीआय हा नियम २०१३पासून आहे. तो आणि बाजाराचा हिशेब दोघे मिळून आकार फुगवत नेतात. वीस हजारांहून जास्त कंटेनर वाहणारी जहाजं आता नवलाची राहिली नाहीत. त्यांना खोल पाणी लागतं. डहाणूजवळच्या वाढवण बंदराच्या समर्थनार्थ पहिला मुद्दा हाच असतो, की तिथे वीस मीटर नैसर्गिक खोली आहे, न्हावा शेव्याला ती नाही. ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव टाकायचा आहे. डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे. बंदर व्हावं की नाही हा या लेखाचा विषय नाही; माझं मत विचाराल तर भरावाची किंमत कोळ्यांच्या जाळ्यातून वसूल होणार आहे आणि ती प्रकल्प अहवालात पुरती धरलेली नाही. इथे मुद्दा एवढाच की ‘टनामागे कमी कार्बन’ असं प्रमाणपत्र मिरवणाऱ्या जहाजाच्या खात्यावर तो भराव, ते गाळ उपसणं, ती गेलेली मासेमारी कुठेच चढत नाही. हिशेबाची चौकट जहाजाच्या कठड्यापाशी संपते.

दुसऱ्या टोकालाही तेच. वाईट श्रेणीची जहाजं लवकर भंगारात जातील, हे या नियमाचं यश मानलं जातं. ती जातात कुठे? गुजरातमधल्या अलंगला, बांगलादेशातल्या चट्टोग्रामला, भरतीच्या पाण्यावर किनाऱ्यावर चढवून तोडायला. जहाजतोडणीबद्दलचा हाँगकाँग करार २००९ला झाला आणि अमलात आला तो २६ जून २०२५ला. सोळा वर्षं. तोवर किती मजूर गेले याचा हिशेब कोणत्याही भागाकारात नाही.

मग करायचं काय? मला स्वतःला श्रेण्यांपेक्षा कार्बनला सरळ किंमत लावणं पसंत आहे. कारण साधं आहे. किंमत इंधनाच्या मागे लागते. ज्याने हुकूम दिला, ज्याने तेल भरलं, त्याच्यापर्यंत ती बिलातून पोचवता येते. नांगरावर दहा दिवस थांबलात, त्याचे पैसे मोजा. आफ्रिकेला वळसा घातलात, जास्त जळलं, जास्त मोजा. परतीचा माल मिळवून रिकामी फेरी वाचवलीत, तेवढे वाचले. भारमान वेगळं धरायची गरजच उरत नाही, ते आपोआप पैशात उतरतं.

युरोपीय संघाने हे १ जानेवारी २०२४पासून सुरूही केलं. आपल्या उत्सर्जन-व्यापार योजनेत त्यांनी जहाजं ओढली: संघातल्या दोन बंदरांमधल्या प्रवासाचा सगळा धूर, आणि संघातल्या व बाहेरच्या बंदरामधल्या प्रवासाचा निम्मा. २०२४च्या उत्सर्जनापैकी ४० टक्क्यांसाठी धूर सोडण्याचे परवाने विकत घ्यायचे, २०२५साठी ७०, आणि २०२६पासून पूर्ण. या कायद्यात एक कलम आहे जे मला जगातल्या सगळ्या सागरी नियमांत शहाणं वाटतं: इंधन विकत घेणारा आणि जहाज कसं चालेल ते ठरवणारा जर मालकाव्यतिरिक्त कोणी असेल, तर परवान्यांचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क जहाज कंपनीला आहे. भाडेकरूचं वीजबिल भाडेकरूकडे.

आता हे नाशिकच्या द्राक्षबागेतून बघू. निर्यातीची द्राक्षं शीत कंटेनरमधून न्हावा शेव्याहून युरोपला जातात, त्यातली पुष्कळशी नेदरलँड्समध्ये उतरतात. जहाज वाटेत दुसऱ्या बंदरात माल न हाताळता थेट गेलं, तर मुंबईपासूनच्या अख्ख्या प्रवासाचा निम्मा धूर युरोपच्या हिशेबात आला. शिपिंग कंपन्या हा खर्च कंटेनरमागे वेगळा अधिभार लावून वसूल करतात, आणि शीत कंटेनरला वीज लागते म्हणून त्याचा अधिभार जास्त. तो निर्यातदार भरतो. निर्यातदार तो कोणाच्या दरातून कापतो, हे पिंपळगाव-दिंडोरीकडच्या बागाईतदाराला समजावून सांगायची गरज नाही. आणि परवान्यांचा पैसा बहुतांश जातो युरोपीय देशांच्या तिजोऱ्यांत. अरबी समुद्रावरच्या धुराची जकात आपण भरतो, आणि जमा होते ती तिकडे.

यावर ‘मग आपण विरोध करायला हवा’ असं उत्तर आपल्याकडे लगेच येतं. विकसित देशांनी दीडशे वर्षं धूर केला, आता नियम आम्हाला का, हा प्रश्न हवामानाच्या चर्चेत भारताने मांडला आणि तो बरोबरच आहे. समुद्रावर मात्र त्याची धार बोथट होते. जगातली सर्वांत मोठी तीन जहाजनोंदणी खाती लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटांची आहेत. झेंड्यावरून सवलत द्यायची ठरवली तर ती ग्रीक, जपानी, जर्मन मालकांना मिळेल, फक्त कागदावर त्यांचं जहाज मन्रोव्हियाचं. म्हणून आयएमओत नियम सगळ्यांना सारखा आणि न्याय पैशाच्या वाटपात, हाच मार्ग उरतो.

तो मार्ग अगदी दाराशी आला होता. जुलै २०२३ला आयएमओने २०५०च्या आसपास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट एकमताने मान्य केलं. एप्रिल २०२५ला त्यासाठीची चौकट मताला टाकली गेली: इंधनाची कार्बन तीव्रता ठरावीक रेषेखाली आणायची, न आणल्यास कमतरतेच्या टनामागे १०० डॉलर, आणखी मागे राहिल्यास ३८० डॉलर, आणि जमलेला पैसा एका जागतिक निधीत. ६३ देश बाजूने, १६ विरोधात, २४ तटस्थ. भारत बाजूच्या ६३मध्ये होता. प्रशांत महासागरातल्या बेटराष्ट्रांनी तटस्थ राहणं पसंत केलं. त्यांना प्रत्येक टनावर सरसकट कर हवा होता, ही चौकट त्यांच्या मते पातळ होती. ती पातळ होतीच. रेषेच्या वर किती आलात यावर पैसे लागणार, सगळ्या धुरावर नाही. पण ती जगाची होती.

ऑक्टोबर २०२५मध्ये ती अंतिम मंजुरीसाठी आली तेव्हा अमेरिकेने बाजूने मत देणाऱ्या देशांना व्हिसा-निर्बंध, बंदरशुल्क, आयातकर अशा धमक्या उघडपणे दिल्या. १७ ऑक्टोबरला सौदी अरेबियाच्या प्रस्तावावर मतदान झालं आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. समुद्राचे नियम करणाऱ्या या संस्थेची रीत सहमतीने चालण्याची. तिथे असा उघड दमदाटीचा बाजार आधी कोणी पाहिला नव्हता.

पुढे ढकललं याचा आपल्याकडे काहींना आनंद झाला. मला त्यात आनंदासारखं काही दिसत नाही. जागतिक नियम नाही याचा अर्थ नियम नाही असा होत नाही. युरोपचा नियम आहे, तो २०२६पासून मिथेनही मोजतो, आणि त्याच्या जोडीला इंधनाच्या तीव्रतेचा दुसरा नियम २०२५पासून चालू आहे, २ टक्क्यांपासून २०५०ला ८० टक्क्यांपर्यंत नेणारा. ते नियम करताना आपल्याला कोणी मत विचारलेलं नाही. आयएमओत निदान एक मत आहे, आणि निधीच्या वाटपावर भांडायला जागा आहे. हरित अमोनिया आणि मिथेनॉल बनवून विकायची स्वप्नं दिल्लीत २०२३च्या हायड्रोजन मिशनपासून रंगवली जातात. ते महाग इंधन विकत घ्यायला जगातल्या जहाजांना भाग पाडणारा नियम नसेल तर ते कांडल्याच्या आणि तुतिकोरीनच्या टाक्यांत पडून राहील.

भाडं वाढेल, हा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. मोबाइलच्या किमतीत समुद्रभाड्याचा वाटा इतका कमी की कार्बनचा अधिभार दिसणारही नाही. कांदा, खत, कोळसा, लोहखनिज यांत तो दिसेल. वजन जास्त, भाव कमी, अशा मालावर घाव जास्त. म्हणून निधीतला पैसा श्रीमंत देशांतल्या नव्या जहाजांच्या अनुदानात विरघळू नये, अशा मालाच्या बंदरांची रांग कमी करायला, धक्क्यावर वीज द्यायला यावा, हे आपल्या प्रतिनिधींनी लंडनमध्ये मागून घ्यायचं आहे. भारतीय दर्यावर्दी जगाच्या खलाशीवर्गाचा साधारण दहावा हिस्सा आहेत. कोकणातल्या गावांत ‘मुलगा बोटीवर आहे’ हे वाक्य अजून घराघरात ऐकू येतं. सीआयआयच्या काळात त्या मुलाच्या कामात भर पडली ती मुख्यतः तक्त्यांची. दुपारी बाराचा अहवाल पूर्वीही जात होता. आता त्याच तेलाचा हिशेब आयएमओला एका नमुन्यात, युरोपला दुसऱ्या, चार्टररला तिसऱ्या. ‘डी’ आली की फोन येतो तोही त्यालाच, ज्याने वेग ठरवलेला नाही आणि धक्का रिकामा ठेवलेला नाही.

श्रेणी रद्द करा असं मी म्हणत नाही. ती नीट करता येते. ती आजवर दुरुस्त झाली नाही याचं एक कारण असं सांगितलं जायचं की प्रत्यक्ष किती माल वाहिला याची माहितीच आयएमओकडे येत नाही, व्यापारी गुपित म्हणून कंपन्या देत नाहीत. हे कारण आता संपलं आहे. २०१९पासून जहाजं इंधनाची आकडेवारी जमा करतातच. मार्च २०२४ला त्या नियमात दुरुस्ती झाली आणि १ ऑगस्ट २०२५पासून ती लागू आहे. तिच्यानुसार वाहिलेला माल गुणिले अंतर हा रकाना, आणि जहाज चालू असताना किती व उभं असताना किती तेल जळलं हेही वेगळं लिहावं लागतं. भारमान वहीत आलं आहे. गुणांत धरलेलं नाही, आणि वही लोकांना सरसकट खुलीही नाही. युरोपची जहाजवार आकडेवारी कोणालाही संगणकावर बघता येते. आयएमओची निनावी असते. सीआयआयच्या आढाव्याचा पुढचा टप्पा चालू आहे, तिथे भारताच्या शिष्टमंडळाला एकच दुरुस्ती मांडायची असेल तर ती तयार आहे: भागाकारातल्या खालच्या ओळीतून ‘क्षमता’ हा शब्द खोडायचा आणि तिथे ‘माल’ लिहायचा.